तेरा म्हणजे तेराच

माझा एमएस्सीचा सेमिनार होऊन गेला, मार्कही चांगले पडले, पण विषय मंजूर करायच्या त्या फॉर्मचा राग अजून गेलेला नाही. खानापूर-निपाणीकडून बेळगावात शिकायला येणाऱ्या पोरापोरींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

गाइड लगेच मिळाले, विषयही त्यांना आवडला: नेहमीपेक्षा लांब पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, कशा ओळखतात. सारांशात मी 13 अमिनो आम्लांच्या पेप्टाइडबद्दल लिहिलं होतं. फॉर्म परत आला. 13 भोवती लाल गोल आणि बाजूला शेरा, ‘8 ते 10 करा.’

पाठ्यपुस्तकात 8 ते 10 असतं, हे मलाही माहीत आहे. एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड खाचेत धरून टी पेशींना दाखवणारे रेणू. त्यातल्या वर्ग 1 च्या रेणूची खाच दोन्ही टोकांना बंद असते, म्हणून बहुतेक पेप्टाइड तेवढेच असतात. वर्ग 2 ची खाच टोकांना उघडी, तिथे लांब पेप्टाइड सहज मावतात. पण वर्ग 1 मध्येही लांब पेप्टाइड बसतात. टोकं खाचेत घट्ट राहतात आणि मधला भाग कमानीसारखा वर फुगतो. एपस्टाइन-बार विषाणूच्या बीझेडएलएफ1 प्रथिनातला 13 चा तुकडा एचएलए-बी 35:08 वर असाच बसतो. त्याला ओळखणाऱ्या एसबी27 या टी पेशी-ग्राहीची (टी पेशीवरच्या ओळखणाऱ्या प्रथिनाची) रचना 2005 साली प्रसिद्ध झाली. तो ग्राही त्या फुगवट्यावरच टेकतो, एचएलएला त्याचा स्पर्श फार थोडा. टी पेशी पेप्टाइड आणि एमएचसी (माणसात यालाच एचएलए म्हणतात) दोन्ही मिळून ओळखतात, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी 1974 मध्ये उंदरांवर दाखवलं, त्यासाठी 1996 चं नोबेल मिळालं. मग एचएलएला इतकं कमी शिवूनही ओळख पटते कशी? माझा सेमिनारच या प्रश्नावर होता. 13 चे 9 केले असते तर फुगवटा गेला असता आणि विषयही.

खिडकीवर हे कुणाला सांगणार? ‘कमिटीनं लिहिलंय तेवढं बदला आणि द्या.’ कमिटीतले सर कुठे भेटतील विचारलं तर ‘मीटिंगला गेलेत, नाळी बर्री’, म्हणजे उद्या या. पुन्हा गेलं की पुन्हा नाळी बर्री. माझ्यामागे उभ्या असलेल्यांचे फॉर्म शिक्का मारून जायचे, माझा तसाच. गाइडनी चिठ्ठी दिली, ती फाइलला लागली आणि फाइलच सापडेना. म्हणून आधीच सांगते, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, झेरॉक्सवर शिक्का मागा.

शेवटी मी प्रोटीन डेटा बँकेतून एसबी27 ची ती रचना, क्रमांक 2एके4, उतरवली. ती फुकट मिळते, नुसता क्रमांक टाकायचा. पेप्टाइडची अक्षरं 1 ते 13 आकडे घालून छापली, शेजारी फुगवट्याचं चित्र, आणि कमिटीतल्या मॅडमना त्यांच्या लॅबमध्येच गाठलं. त्यांनी पेनानं एकेक अक्षर मोजलं, चित्र फिरवून पाहिलं आणि लाल गोलाशेजारी ‘बरोबर आहे’ लिहून सही केली. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

सेमिनारात प्रश्न आला, फुगवटा नेहमी उभाच राहतो का? नाही. त्याच विषाणूचा 11 चा तुकडा 35:01 वर असताना ईएलएस4 हा दुसरा ग्राही फुगवटा दाबून सपाट करतो. ही जोडी तयार ठेवा, परीक्षक विचारतातच.

आणि शीर्षकातच ‘वर्ग 1’ लिहा. माझ्या शीर्षकात ते नव्हतं, म्हणून कमिटीतल्या एकांना विषय वर्ग 2 चा वाटला होता, हे मॅडमनीच नंतर सांगितलं.