कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं

लग्नसराई संपली की आम्हा फोटोग्राफर लोकांचे महिने कोरडे जातात. जुलैत एका टॅलेंट एजन्सीचा फोन आला. रविवारी नागपुरात रामदासपेठेतल्या एका हॉटेलात लहान मुलांच्या ऑडिशन आहेत, पोर्टफोलिओचे फोटो काढायचे, दिवसाचे 6,000. मी लगेच हो म्हटलं.

नऊच्या आधीच हॉलबाहेर गर्दी झाली होती. कामठी, काटोल, उमरेडहून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं, कडेवर झोपलेली पोरं, पिशवीत इस्त्री केलेला दुसरा ड्रेस. जाहिरात सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेली. फॉर्म भरला की दोन दिवसांत फोन, ‘तुमचं मूल शॉर्टलिस्ट झालंय.’ नागपूरच्या माणसाला हे खरं वाटायला कारणही आहे. आपल्या वस्त्यांमधली, कधी कॅमेऱ्यापुढे उभी न राहिलेली मुलं मोठ्या हिंदी सिनेमात झळकलेली या शहराने पाहिली आहेत. एजन्सीची मॅडम प्रत्येकाला तेच उदाहरण देत होती.

हॉलच्या एका टोकाला माझा पांढरा बॅकड्रॉप आणि दोन सॉफ्टबॉक्स. दुसऱ्या टोकाला ट्रायपॉडवर व्हिडिओ कॅमेरा आणि त्यामागे मुंबईहून आलेले ‘कास्टिंग सर’. मुलाने नाव-वय सांगायचं, मिनिटभर काहीतरी करून दाखवायचं, मग माझ्याकडे यायचं. माझे चार फोटो होईपर्यंत आईवडील शेजारच्या केबिनमध्ये. केबिन म्हणजे प्लायचं पार्टिशन, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येत होतं. ‘सरांना तुमचं मूल फार आवडलं. पोर्टफोलिओ आणि ग्रूमिंगचे 28,000. पण आजच भरले तर 18,000.’ दहाव्या मुलापर्यंत मला ते वाक्य पाठ झालं. एकही मूल नापास होत नव्हतं. पाठांतर विसरून आईला बिलगून रडलेली चार वर्षांची पोरसुद्धा सरांना फार आवडली होती.

फोटोंना नावं टाकायची म्हणून फॉर्मचा गठ्ठा माझ्याकडे होता. त्यात वडिलांचं मासिक उत्पन्न विचारलं होतं. मूल कोणत्या शाळेत जातं, हे मात्र कुठेच नव्हतं. तेव्हा ते नुसतं विचित्र वाटलं.

उमरेडकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा गाडगेबाबा होऊन आला होता. ठिगळाचा अंगरखा, हातात खरोखरचा खराटा, डोक्यावर रंगवलेलं खापर. त्याने आधी हॉटेलचा तो गालिचा झाडला. मन लावून, कोपऱ्यापर्यंत. मग ताठ उभा राहिला आणि ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ असा सूर लावला की, दारातला वेटरही थांबून ऐकू लागला. वीस वर्षं मी स्नेहसंमेलनं शूट करतोय. असं पोर वर्षाकाठी एखादं दिसतं.

जेवणाच्या सुट्टीत सर बाहेर गेले आणि मॅडमने मला व्हिडिओ कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावायला सांगितली. मी कॅमेरा हातात घेतला. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत सूचना लुकलुकत होती. कार्ड नाही. मी झाकण उघडून पाहिलं. दोन्ही खाचा रिकाम्या. या मॉडेलला आतली मेमरी नसते, तोच कॅमेरा मी तीन वर्षं वापरलाय. म्हणजे सकाळपासून झालेल्या 31 मुलांपैकी एकाचंही रेकॉर्डिंग झालं नव्हतं.

माझे हात गार पडले. खिशातला मोबाइल काढून त्या स्क्रीनचा आणि उघड्या खाचांचा फोटो घेतला.

गाडगेबाबाचे वडील जिन्याजवळ उभे होते. भिशीचे पैसे आणले होते, फोनवर रक्कमही टाकून ठेवली होती, बायकोला एकदा विचारून पाठवणार होते. मी म्हटलं, ‘भाऊ, थांबा, पैसे पाठवू नका,’ आणि फोटो दाखवला. ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. पैशाचं काहीच बोलले नाहीत. ‘म्हंजे दादा, माह्या पोराचं काम कोनी पाह्यलंच नाही?’

मला उत्तर देता आलं नाही.

परत आत जाऊन मी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. एक बाई माझ्यावरच उसळल्या, ‘दुसऱ्याच्या लेकराचं चांगलं होऊन राह्यलं, तर तुमाले काऊन बघवत नाही?’ त्यांचा राग मला समजतो. तासाभरापूर्वी कोणीतरी त्यांच्या मुलीला हजारात एक म्हटलं होतं, आणि मी ते काढून घेत होतो. मॅडमने माझे लाइट बंद केले. माझी मजुरी अर्थातच बुडाली. तोवर अकरा जणांनी पैसे भरले होते.

त्यातले पाच जण नंतर माझ्याकडे आले. माझा वकील मित्र करारपत्र वाचायला बसला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, कामाची हमी नाही, रक्कम परत मिळणार नाही. शाळेच्या रकान्याचं कोडंही त्यानेच उलगडलं. बालकलाकारांसाठी 2017 पासून केंद्राचे स्पष्ट नियम आहेत. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, शिक्षणात खंड पडू द्यायचा नाही, आणि कमाईतली किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. ज्याला मुलाला खरोखर काम द्यायचंय, त्याला शाळेचं विचारावंच लागतं. शिवाय वाढत्या वयाच्या मुलाचा चेहरा वर्षभरात बदलतो. त्याच्यासाठी 18,000 चा अल्बम कशाला? खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेले दोन-चार साधे फोटो पुरतात. आणि खरी एजन्सी मुलाला मिळालेल्या कामातून कमिशन घेते, आईबापाच्या खिशातून आधी नाही. फोटोचा धंदा करणारा मी हे सांगतोय.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिले. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असली की तिथे तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते, हेही त्या पाच जणांना माहीत नव्हतं. माझा मोबाइलवरचा फोटो आणि प्रतिज्ञापत्र जोडलंय. तारखा सुरू आहेत.

त्या दिवशीचं माझं कार्ड मात्र भरलेलं आहे. 31 मुलं, प्रत्येकाचे चार फोटो. फॉर्म त्यांच्याकडेच राहिल्यामुळे नंबर नाहीत, पण एकाकडून दुसऱ्याचा पत्ता काढत आतापर्यंत 19 घरी फोटो पोहोचवले. गाडगेबाबाचा मोठा करून दिला, खराट्यासकट. बारा मुलं राहिलीत. ते कार्ड मी अजून फॉरमॅट केलेलं नाही.