आईला सांगू नकोस

शनिवार, रात्री साडेदहा

आज आप्पांचं पत्र आलं. आंतरदेशीय, निळं. वॉचमनने विजेच्या बिलासोबत हातात दिलं आणि सवयीने जिन्यातच उघडायला गेले. आंतरदेशीय उघडायलाही हात बसावा लागतो. घाई केली की कडेच्या डिंकाबरोबर शेवटची ओळ फाटते, आणि आप्पा नेमकं महत्त्वाचं तिथेच लिहितात, कडेने, आडवं. पण आज उघडलं नाही. तसंच वर घेऊन आले.

हे पत्रांचं खूळ मे महिन्यातलं. देवरुखजवळच्या आमच्या वाडीत फोनला रेंज हवी तर विहिरीच्या वरच्या कातळावर जाऊन उभं राहायचं. लेक दोन दिवसांत कंटाळली आणि माळ्यावर चढली. तिथे तिला तारेत टोचलेली जुनी पत्रं सापडली. मुंबईला गिरणीत असलेल्या थोरल्या काकांची कार्डं, मनीऑर्डरची कुपनं. प्रत्येकाच्या मधोमध तारेचं भोक. एका कार्डावर ‘आईच्या डो’, मग भोक, मग ‘चं औषध आणा’. डोळ्यांचं की डोक्याचं, यावर आजोबा-नातीचा अर्धा तास वाद. आप्पांनाही आठवेना.

त्याच तारेत एक कार्ड कोपरा फाडलेलं निघालं. लेक म्हणाली, उंदराने खाल्लं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणी तरी गेल्याची बातमी. माझी आजी पोस्टमनच्या हातातल्या कार्डाचा आधी कोपरा बघायची, मग त्याला पाणी विचारायची. असं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. हे कसं राहिलं कोण जाणे. आप्पांनी ते काढलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि विषय बदलला. “तू ठाण्याहून मला पत्र लिही,” म्हणाले, “मी उत्तर देतो.”

लिहिलं तिने. पिनकोडच घातला नाही, त्यामुळे पोचायला अकरा दिवस लागले. आप्पांचं उत्तर आलं: ‘पिन लिहीत जा. हा पिन १९७२ साली, १५ ऑगस्टला सुरू झाला. टपाल खात्यात वेलणकर म्हणून अधिकारी होते, संस्कृतचे मोठे पंडित, त्यांनी ही पद्धत बसवली. तुझा आणि माझा पिन दोन्ही चारनेच सुरू होतात, म्हणजे आपण फार लांब नाही.’

आप्पा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यांचं पत्र वेबिल भरल्यासारखं असतं. वर वार, वेळ, पावसाचा हिशेब. ‘सोमवार, सकाळी ७.४०. रात्रभर ओतला, आता थांबून आहे.’ मग मायना: ‘चि. ठकीस अ. उ. आ.’ ठकी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. अ, उ, आ बघून लेकीला वाटलं, आजोबा स्वर शिकवतायत आणि तेही चुकवतायत. अनेक उत्तम आशीर्वाद, असं मी सांगितल्यावर तिला ते इतकं आवडलं की पुढच्या पत्रात तिनेही ठोकून दिलं, ‘आजोबांस अ. उ. आ.’ मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर तिने कडा चिकटवल्या होत्या. आप्पांनी लिहिलं: ‘आशीर्वाद पोचले. मला देणारं आता कोणी उरलं नव्हतं, बरं झालं.’

पत्र मीच वाचून दाखवायचे. आप्पांचं अक्षर एकात एक गुंतलेलं, आणि लेक इंग्रजी शाळेतली. छापील मराठी वाचते, पण त्या अक्षरापुढे हात टेकते. श्रावणातलं पत्रही असंच मोठ्याने वाचत होते. म्हशीचं झालं, कौलं परतल्याचं झालं, आणि मग: ‘न्हाणीकडच्या पायरीला शेवाळ धरलंय. परवा घसरलो. कंबर शेकतोय, दोन दिवस उठबस जमली नाही. हे आईला सांगू नकोस, उगाच काळजी करत बसेल.’

मी थांबले. “पुढे?” लेक म्हणाली. पुढे काय, पुढे दुर्व्यांची जुडी कशी बांधायची ते होतं.

त्याच आठवड्यात माझं दोनदा फोनवर बोलणं झालं होतं त्यांच्याशी. दोन्ही वेळा “बरंय” आणि “तू जेवलीस का?” त्या कातळापर्यंत ते तसली कंबर घेऊन चढले होते, फोनला. नातीला आपलं अक्षर लागत नाही आणि पत्र कोण वाचतं, हे त्यांना ठाऊक नसेल? माणूस तीस वर्षं चेहरे बघून तिकिटं फाडत होता. मी त्यांना काही विचारलं नाही. चुलतभावाला सांगून पायरीवर पोतं घालून घेतलं, आणि पुढच्या पत्रात ‘पायरी कोणी साफ केली कळलं नाही’ एवढं एकच वाक्य आलं, तेही नातीला.

गणपतीत गेलो तेव्हा लेक रोज त्यांच्या शेजारी बसून त्यांची जुनी डायरी वाचत होती. ‘ठ’ कसा काढतात, ‘वि. वि.’ म्हणजे काय. मी स्वैपाकात होते, फार लक्ष दिलं नाही.

आज म्हणून पत्र बंदच तिच्या हातात दिलं. ती पट्टी घेऊन गॅलरीत बसली, कड सावकाश सोडवली, ओळीखाली पट्टी धरून वाचत राहिली. पाऊण तास तरी. मी दोनदा वाळत घातलेले कपडे काढायला गेले. एकदाच तिने मान वर केली.

“आई, लेप म्हणजे काय गं?”

“उगाळून लावतात ते. दुखऱ्या जागी. का?”

“असंच.”

पत्र घडी घालून तिने दप्तरात ठेवलं. जेवताना मी विचारलं, काय लिहिलंय आप्पांनी?

“काही नाही. बरंय म्हणतायत.” आणि मग, आमटी वाढून घेता घेता, “तू जेवलीस का, विचारलंय.”