सर्जनशील लेखनाच्या पदवीचा आराखडा आखताना

२०२१ च्या दिवाळीत मी घरात पहिल्यांदा बोलून दाखवले की मला पुन्हा कॉलेजात जायचे आहे, आणि तेही कथा लिहायला शिकण्यासाठी. सातारा जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावी, मग इंग्रजी विषय घेऊन बी.ए.ची दोन वर्षे, आणि एस.वाय.चा निकाल हाती येतो न येतो तोच लग्न होऊन कॅलिफोर्नियाचा बे एरिया, असे माझे शिक्षण अर्ध्यावर थांबले होते. त्याची रुखरुख होतीच. पण मुलगा शाळेत रुळल्यावर सकाळचे जे चार तास माझ्या वाट्याला येऊ लागले, त्यांत वहीत उतरलेले काहीतरी कोणा जाणत्या माणसाने वाचावे, ही ओढ त्याहून मोठी होती.

कम्युनिटी कॉलेज हा पर्याय मला शेजारच्या एका तमिळ मैत्रिणीने सुचवला. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजे आहेत. तिथे साठ सेमिस्टर युनिटे (म्हणजे विषयांचे श्रेयांक) पूर्ण केली की असोसिएट पदवी मिळते, आणि नियोजन नीट असेल तर त्याच युनिटांवर चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांच्या एका विषयाला १३८ आणि साठ युनिटांना २,७६० डॉलर. पुस्तके, आरोग्य शुल्क आणि पार्किंग वेगळे. रहिवासी नसलेल्यांना याच्या कितीतरी पट शुल्क भरावे लागते. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला जो एच-४ व्हिसा मिळतो, त्यावर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण त्याच व्हिसावर रहिवासी शुल्काचाही हक्क मिळू शकतो, हे ठाऊक नव्हते. सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचे दाखवावे लागते. घराचा भाडेकरार, कर विवरणपत्र आणि आय-९४ (देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद) यांच्या प्रती दिल्यावर माझे ते काम आठवड्यात झाले. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य मात्र या व्हिसावर मिळत नाही, त्यामुळे खर्चाचा हिशेब आम्ही सुरुवातीलाच मांडून ठेवला.

पुढचे पाऊल मी चुकीचे टाकले, आणि त्याविषयीच सविस्तर लिहावेसे वाटते. बी.ए.ची दोन वर्षे वाया जाऊ नयेत, या एकाच विचाराने मी आधी गुणपत्रकांच्या मागे लागले. अमेरिकेत परदेशी शिक्षणाचे मूल्यांकन मान्यताप्राप्त खासगी संस्थेकडून करून घ्यावे लागते, आणि त्या संस्थेला विद्यापीठाकडून मोहोरबंद लिफाफ्यात ट्रान्सक्रिप्ट हवे असते. माझ्या दादाने त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पाच खेपा घातल्या. एकदा अर्जावर जुना बैठक क्रमांक नाही म्हणून, एकदा चलन दुसऱ्या खिडकीवर भरले म्हणून, तर एकदा संबंधित कर्मचारी रजेवर म्हणून तो परत आला. शेवटी लिफाफा निघाला, मूल्यांकन झाले, विषयवार युनिटे मिळाली, आणि मी तो अहवाल घेऊन आनंदाने कॉलेजच्या काउन्सेलरकडे, म्हणजे अभ्यासक्रमाचा सल्ला देणाऱ्यांकडे, गेले.

त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला फक्त इथली पदवी हवी आहे, की पुढे विद्यापीठात जायचे आहे?" मी म्हटले, पुढे जायचे आहे. तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते मी चार महिने आधी विचारायला हवे होते. विद्यापीठात ट्रान्स्फर होण्यासाठी सामान्य शिक्षणाचा एक ठरावीक साचा पूर्ण करावा लागतो. माझ्या वेळी त्याला आयजीईटीसी म्हणत. इंग्रजी निबंधलेखन, तर्कशुद्ध विचार, गणित, कला व मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि प्रयोगशाळेसह विज्ञान अशी त्याची क्षेत्रे असतात. ज्या परदेशी संस्थेला अमेरिकेतील प्रादेशिक अधिमान्यता नाही, तिथले विषय या साच्यात धरले जात नाहीत. त्यामुळे माझे अर्थशास्त्र, माझा इतिहास, माझे इंग्रजीचे पेपर कॉलेजच्या स्वतःच्या पदवीसाठी ऐच्छिक युनिटे म्हणून उपयोगी पडू शकत होते, पण साच्याच्या एकाही चौकटीत बसत नव्हते. दादाच्या पाच खेपा आठवून मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या रडू आले. जुने शिक्षण घेऊन इकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आता हेच सांगते की मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी कुठे जायचे ते ठरवा, आणि ही युनिटे नेमकी कुठे धरली जातील ते लेखी विचारून घ्या.

साच्यात एक चौकट मात्र अशी निघाली की जिथे माझे गावचे शिक्षण जसेच्या तसे बसले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांना आयजीईटीसीमध्ये इंग्रजीखेरीज एका भाषेचे ज्ञान दाखवावे लागे, आणि सहावी किंवा त्यापुढची किमान दोन वर्षे ज्या शाळेत इंग्रजी सोडून दुसरे माध्यम आहे तिथे शिकल्याचे प्रमाणपत्र त्यासाठी चालत असे. दादा पुन्हा निघाला, या वेळी आमच्या हायस्कूलमध्ये. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिले: पाचवी ते दहावी, अध्यापनाचे माध्यम मराठी. खाली हिरव्या शाईची सही, थोडा तिरका उमटलेला जांभळा गोल शिक्का आणि वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेला जावक क्रमांक. "ताईला सांगा, शिकते आहे हे ऐकून बरं वाटलं," असा निरोपही त्यांनी दिला. त्या एका कागदाने परकीय भाषेचे वर्ग वाचवले, आणि माझ्या फाइलमध्ये भाषेच्या चौकटीत 'मराठी' हा शब्द लिहिला गेला.

प्रत्यक्ष आराखडा आखायला आम्ही तीनदा बसलो. त्यासाठी एक तक्ता असतो: आडव्या ओळींत विषय, उभ्या रकान्यांत सत्रे, आणि तळाशी युनिटांची बेरीज. पहिला तक्ता काउन्सेलरने पेन्सिलीने भरला आणि ते बरेच झाले, कारण त्यातले निम्मे पुढे खोडावे लागले. मुख्य प्रश्न हा होता की कोणती पदवी घ्यायची. सर्जनशील लेखनाची असोसिएट पदवी आमच्या कॉलेजात होती, पण ती कॉलेजची स्थानिक पदवी. याउलट इंग्रजीची 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' ही २०१० च्या राज्य कायद्याने आलेली पदवी असून ती घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत कुठेतरी प्रवेशाची हमी मिळते. मात्र तिच्यात भर साहित्याच्या अभ्यासावर असतो. मला कथा लिहायची होती, तरी मी दुसरी पदवी कणा म्हणून निवडली आणि उरलेल्या ऐच्छिक युनिटांत लेखनाचे वर्ग बसवले. बरेचसे विषय दोन्हींकडे धरले जात असल्यामुळे थोडी भर घालून दोन्ही पदव्या पुऱ्या होतील, हे तक्त्यावरच दिसत होते. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. ज्याला लिहायचे आहे त्याला वाचायला लावणारे वर्ग ओझे वाटू नयेत.

दुसरी अडचण वेळापत्रकाची होती. निबंधलेखनाचा वर्ग दर सत्रात, सकाळी, संध्याकाळी, ऑनलाइन, हवा तसा मिळतो. कथालेखनाचा पुढच्या पातळीचा वर्ग मात्र वर्षातून एकदाच, तोही वसंत सत्रात (जानेवारी ते मे) निघे, आणि पुरेशी नावनोंदणी झाली नाही तर सुरू होण्याआधीच रद्द होई. शिवाय एकदा उत्तीर्ण झालेला वर्ग पुन्हा घेता येत नाही, त्यामुळे आवडला म्हणून तोच वर्कशॉप दोनदा करण्याची सोय नव्हती. मग आम्ही उलट्या क्रमाने आखणी केली: आधी हे दुर्मीळ वर्ग त्यांच्या सत्रांत पक्के बसवले आणि बाकीचे विषय त्यांच्या भोवती लावले. प्रत्येक दुर्मीळ वर्गासमोर, तो रद्द झाल्यास काय घ्यायचे, हेही लिहून ठेवले. २०२४ मध्ये कवितेचा वर्ग खरोखरच रद्द झाला, तेव्हा त्या एका ओळीने माझे सत्र वाचवले; मी त्या जागी ललित गद्याचा वर्ग घेतला.

सुरुवातीला मला सल्ला मिळाला होता की आवश्यक विषय आधी उरकावेत आणि लेखनाचे वर्ग शेवटच्या वर्षासाठी ठेवावेत. मी तो मानला नाही, आणि पहिल्याच सत्रात, २०२२ च्या शरद सत्रात (ऑगस्ट ते डिसेंबर), निबंधलेखनाबरोबर लेखनाचा प्राथमिक वर्ग घेतला. निबंधाच्या वर्गासाठी प्रवेश परीक्षा असेल अशी धास्ती होती, पण इथे नियम बदलून काही वर्षे झाली होती; कसलीही परीक्षा न देता मी थेट विद्यापीठ पातळीच्या वर्गात बसले. लेखनाच्या वर्गात रीत अशी की तुमच्या कथेवर चर्चा चालू असताना तुम्ही बोलायचे नाही, फक्त टिपणे घ्यायची. माझ्या पहिल्या कथेत माहेरी आलेली मुलगी परत निघते आणि आई तिची ओटी भरते. मी ते अडीच ओळींत लिहिले होते. एका एकोणीस वर्षांच्या मुलाने विचारले की हे तांदूळ आणि नारळ ती वाटेत खाणार आहे का. कोणी हसले नाही. सगळे खरेच विचार करत होते. मला बोलता येत नव्हते, आणि बोलता आले असते तरी मी रीत समजावून सांगितली असती, कथा नव्हे. घरी येऊन मी तो प्रसंग पुन्हा लिहिला: पदराची दोन टोके दोन्ही हातांनी धरून उभी असलेली मुलगी, ओंजळीतून घसरणारे तांदूळ, नारळाच्या शेंडीला लागलेली हळद, आणि आईने मोजून काढून घेतलेले परतीचे पाच दाणे. हे शिकायला मी तीन वर्षे थांबले असते, तर मधल्या काळात आराखडाच सोडून दिला असता.

दर सत्राला दोन विषय आणि उन्हाळ्यात एक, या वेगाने मी चालले. संख्याशास्त्र मी उन्हाळ्यात घेतले आणि त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. नावनोंदणी एकाही वर्षी खंडित होऊ दिली नाही, कारण ती अखंड असेल तर तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षीचे नियम तुम्हाला लागू राहतात. २०२५ च्या शरदापासून आयजीईटीसीच्या जागी कॅल-जीईटीसी हा नवा साचा आला, तरी माझा जुना तक्ता तसाच ग्राह्य राहिला. कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे मी दर सत्राच्या आधी 'असिस्ट' या राज्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासत असे आणि त्या पानाची प्रत फाइलला लावत असे.

पुढच्या शिक्षणासाठी दोन नावे समोर होती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड परिसरात सर्जनशील लेखनाची बी.ए. आहे, पण ते राज्याच्या दक्षिणेला, आणि मुलाची शाळा इथे. कॅलिफोर्निया स्टेटच्याच व्यवस्थेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतही याच विषयाची बी.ए. आहे आणि ती रेल्वेच्या आवाक्यात आहे. ऑक्टोबरमध्ये मी तिथला अर्ज भरला. इकडे कॉलेजात पदवीसाठी वेगळा विनंती अर्ज करावा लागतो, युनिटे पूर्ण झाली म्हणून पदवी आपोआप मिळत नाही. तोही दोन्ही पदव्यांसाठी स्वतंत्रपणे दिला.

गेल्या मंगळवारी मुलाला शाळेत सोडून मी बार्टने, म्हणजे बे एरियातल्या लोकल रेल्वेने, डेली सिटीपर्यंत गेले आणि तिथून विद्यापीठाच्या बसने परिसरात उतरले. दारापासून दारापर्यंत दीड तास लागला. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली आणि वसंत सत्रातल्या कथेची चार पाने लिहून झाली.