बारदान वजा करा!

गादीवाल्याची आठवण लोकांना दोनदाच होते. घरात लग्न ठरलं की, नाहीतर गादीत ढेकूण झाले की. त्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात दोन पोरं खानदेशातल्या धरणगावच्या माझ्या दुकानात आली आणि "आप्पा, पाच चेंडू शिवून पाहिजेत" म्हणाली, तेव्हा मी त्यांना खेळाच्या दुकानाचा पत्ता सांगून मोकळा झालो.

ती जाईनात. दोघं पुण्यात नोकरीला होती, लॉकडाऊनमध्ये घरी आली ती इथूनच लॅपटॉपवर काम करू लागली. तिकडे कंपनीत डॉजबॉल खेळायचं शिकली होती. त्यांनी गल्लीगल्लीतून चार संघ गोळा केले होते. खेळ सोपा आहे. मध्ये रेघ, दोन्हीकडे सहा-सहा जण. समोरच्याला मानेखाली चेंडू लागला की तो बाहेर. पण त्यानं तोच चेंडू झेलला तर मारणारा बाहेर, आणि झेलणाऱ्याचा एक बसलेला गडी पुन्हा आत. चिंध्यांच्या चेंडूनं पाठ सडकून काढायची आमची आबाधोबी होती ना, तिला रेघ आखून वळण लावलं की झाला डॉजबॉल. हे मी त्यांना सांगितलं तर दोघं हसली. हसायला काय झालं, मला अजून कळलं नाही.

त्यांनी सुरुवात व्हॉलीबॉलनं केली होती. दुसऱ्याच आठवड्यात एकाची करंगळी गेली, एकाचा चष्मा गेला आणि आयांनी खेळ बंद पाडला. मग मोबाईलवर पाहून त्यांना शोध लागला की परदेशात हा खेळ कापडी चेंडूनंही खेळतात. सात इंची चेंडू, एका सामन्यात पाच. कापड आणि कापूस म्हटल्यावर पोरं माझ्याकडे आली.

पहिला चेंडू मी मांजरपाटाच्या आठ कळ्या कापून शिवला आणि रुई ठासून भरली. भरला पाव किलोच्या वर. पोरांनी दोन दिवस हाणला आणि परत आणला. आत कापसाचा गठ्ठा होऊन एका बाजूला बसला होता. फेकावा एकीकडे, तर जायचा तिसरीकडे. "आप्पा, हाई उशी शे का चेंडू?" एकानं विचारलं. मला लागलं ते. आजोबा खांद्यावर धनुकली टाकून दारोदार पिंजायला जायचे, आणि तिसऱ्या पिढीला एक चेंडू भरता येईना!

विचार केल्यावर उत्तर आमच्याच धंद्यात सापडलं. गादीतला कापूस सरकू नये म्हणून आपण आरपार दोरे घालतो. चेंडूलाही घातले. चार टाके, उभे-आडवे, आतून ओढून गाठ. कापूस कमी केला, पण दोनदा पिंजला. वजन आलं १९० ग्रॅम. तो चेंडू छातीवर बसला तरी नुसता धप्प आवाज यायचा.

ही स्पर्धा का वाढली असं कुणी विचारलं की पोरं व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव घेतात. मी म्हणतो, चेंडू मऊ झाला म्हणून वाढली. लागत नाही म्हटल्यावर हायस्कूलच्या पोरी आल्या, तलाठी भाऊसाहेब आले, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरनाना आले, ते तर चेंडू चुकवायला अजूनही स्टेअरिंग फिरवल्यासारखे वळतात. चाराचे सात संघ झाले, साताचे अकरा, २०२५ ला चौदा. माणशी पन्नास रुपये वर्गणी. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला शेवभाजी घालायची, एवढंच बक्षीस. एका पुढाऱ्यानं स्वतःच्या फोटोसकट चषक देऊ केला होता, पोरांनी शेवभाजीच बरी म्हणून सांगितलं. त्यांचं तेवढं मला आवडलं. चेंडूंची उधारी अजून बाकी आहे.

खेळायची जागा म्हणजे जिनिंगचं, कापसातली सरकी काढायच्या गिरणीचं आवार. हंगामात तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर कापसाच्या गंज्या असतात, पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात सगळं रिकामं. दिवसा त्या ओट्यावर पापड भाजून निघतील, म्हणून सामने सात वाजल्यानंतर, दिवे लावून.

तर २०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात. दुसऱ्या दिवशी १ मे, सुट्टी. त्या दिवशी सकाळी सहा लेकी दुकानात आल्या. शिरपूर, साक्री, पाचोरा अशा ठिकठिकाणी दिलेल्या. म्हणाल्या, आम्हाला पण खेळायचंय, आमचाही एक संघ धरा. वेळापत्रक पुरं भरलं होतं. पण माहेरवाशिणीला आखाजीत नाही कोण म्हणणार? तालमीच्या पोरांशी त्यांचा एक जादा सामना ठरला. पोरांनी आधी पदराची शंका काढली. चेंडू नुसता पदराला लागला तर? अंगावरचं कापड म्हणजे अंगच, असा नियम आहे. "मंग पदर खोचसूत ना," त्यातली थोरली म्हणाली. तिनं शाळेत कबड्डी गाजवली होती, हे पोरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी बोललो नाही.

आता माझी चूक. त्या सामन्यासाठी दोन चेंडू नवे करायचे होते. जाड दोऱ्याचं रीळ संपलं होतं आणि आखाजीमुळे बाजार बंद. खणाच्या तळाशी वडिलांच्या वेळचं एक रीळ पडलं होतं. बायको म्हणाली, कुजलाय हो तो. मी एक धागा ओढून पाहिला, तुटला नाही. तेच रीळ वापरलं.

सामन्याला हीऽ गर्दी. अख्खी गल्ली आपापल्या लेकी पाहायला आलेली. तिसऱ्या डावात थोरली एकटी उरली, समोर तालमीचे दोघं. त्यातल्या एकानं दोन पावलं धावत येऊन सगळी ताकद लावून चेंडू हाणला. तिनं तो पोटाशी कवळला, आणि फाट्‌ करून शिवण उसवली.

कापूस असा उडाला की दिव्याच्या उजेडात क्षणभर तिचं तोंड दिसेना. दिसलं तेव्हा पापण्यांवर रुई होती आणि हातात अर्धी रिकामी खोळ. ती ओरडली, "झेल!"

"झेल कसा? अर्धा कापूस खाले पडना!" पोरगा म्हणाला.

"खोळ मन्हा हातमा शे."

झेल धरला तर मारणारा बाहेर आणि तिची एक गडीण आत. नाही धरला तर डाव तिथंच संपला. पंच म्हणून उभ्या असलेल्या शिक्षकांनी शिट्टी तोंडातून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. चेंडू म्हणजे खोळ की कापूस, हे आता गादीवाल्यानं सांगायचं! मी मान खाली घातली होती, कारण माझ्या पायाशी तो दोरा पडला होता. बोटानं चुरला तर भुगा झाला.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, वजन करा. कापसाच्या गावात दुसरं काय सुचणार! समोरच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आला. बायांनी ओट्यावरचा कापूस चिमटीनं वेचला. तिच्या हातातला माल १०६ ग्रॅम. खालचा ७१. "तूट तेरा ग्रॅम," एक शेतकरी गंभीरपणे म्हणाला, "कट्टी धरू नका म्हणजे झालं." कट्टी म्हणजे व्यापारी वजनातून कापून घेतो ती घट. सगळं आवार हसलं.

हातात जास्त, म्हणजे झेल. मी हात वर करणार, तेवढ्यात तो तालमीचा पोरगा, ज्याचे वडील अडतीवर हमाली करतात, ओरडला, "बारदान वजा करा!"

बरोबर होतं त्याचं. पोत्याचं वजन कधी मालात धरतात का? खोळ ४० ग्रॅमची. वजा केली तर तिच्याकडे उरला ६६, खाली ७१. झेल गेला. आणि धंद्याच्या हिशेबानं माझंही मन तिकडेच होतं. जुनी गादी आली की आम्ही खोळ फेकतो आणि कापूस पिंजून पुन्हा भरतो. गादी म्हणजे कापूस, असंच मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

थोरली काट्याजवळ आली. पदर अजून खोचलेला, केसांत कापूस. "आप्पा, गादी करी देस तव्हय खोळना पैसा येगळा लेस का नही तू?"

"लेस," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार, तिच्या लग्नातल्या गाद्या माझ्याच दुकानातल्या.

"मंग खोळ बारदान कसं काय? बारदानना कोणी पैसा दे का?"

मी झेल दिला. पोरगं काट्याकडे बघत बाहेर गेलं, जाता जाता "आप्पा, वशिला" म्हणालं. म्हणू दे. शेवटी सामना पोरांनीच जिंकला, पाच-तीन. सहाही जणींनी दुसऱ्या दिवशी चौकात चूल मांडून त्यांना शेवभाजी घातली. इतकी तिखट, की पोरांची नाकं वाहत होती आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याच रात्री बायकोनं राहिलेले चारही चेंडू उसवून माझ्यापुढे टाकले. बोलली काहीच नाही.

चार दिवसांनी थोरली सासरी निघाली. स्टँडवर जाताना दुकानाशी थांबली, तिच्या पिशवीत वर सांजोऱ्यांचा डबा होता. तिकडे शिरपूरला तिच्या गल्लीतल्या बायांना शिकवायचंय, पाच चेंडू करून दे, पैसे आगाऊ घे म्हणाली. मी खोळीचे आणि कापसाचे वेगवेगळे लिहून दिले. तिनं कागद वाचला, घडी केली आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाली, "नवा दोरा घालजो, आप्पा."