दुसऱ्यांदा पाहायचं राहिलेलं नाटक

गेल्या वर्षी ५ नोव्हेंबरला मी सांगलीत होतो. १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. भावे गौरवपदकाच्या समारंभाची बातमी रात्रीच पाठवून झाली होती. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची, म्हणून सकाळी गावभागात अण्णांकडे गेलो. (खरं नाव लिहीत नाही, नको म्हणाले.) वय अठ्ठ्याहत्तर. व्यावसायिक रंगभूमीवर तीस वर्षं दुय्यम भूमिका केलेला हा नट. मी वीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहितोय आणि त्यांच्याबद्दल एकदाच लिहिलं होतं, तेही अगदी सुरुवातीला, चार ओळी.

चहा होईपर्यंत त्यांनी कात्रणांची वही पुढ्यात ठेवली. खळीनं चिकटवलेली, पिवळी पडलेली कात्रणं. एका पानावर माझंच परीक्षण निघालं. त्यातल्या एका वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती: ‘गेलेल्या बायकोचं पातळ घडी घालून ट्रंकेत ठेवतानाचं दुःख सगळं चेहऱ्यावर आहे, हात मात्र रिकामे आहेत.’

मला कसंनुसं झालं. म्हटलं, “अण्णा, नवीन होतो तेव्हा मी. लागलं असेल तुम्हाला.”

“लागलं ना. दोन दिवस घास उतरला नाही. पण खोटं नव्हतं हो ते. अकराव्या प्रयोगापासून बदललं मी. तुम्ही परत आलाच नाहीत.”

नव्हतोच गेलो. शुभारंभाच्या प्रयोगाचा पास यायचा. पडदा पडला की घरी जाऊन लिहायला बसायचं, रविवारच्या पुरवणीत छापून आलं की ते नाटक माझ्यापुरतं संपलं. नाटक रुळायला वीस-पंचवीस प्रयोग जावे लागतात, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. पन्नासाव्या प्रयोगावर पुन्हा लिहू का, असं मी एकदा संपादकांना विचारलंही होतं. जागा नाही म्हणाले. त्यानंतर मी विषय काढला नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

“दाखवू?” अण्णांनी विचारलं आणि आत हाक दिली, “सूनबाई, तुझी एखादी सुती साडी आण गं.”

खुर्चीचा आधार घेऊन ते उठले. माझ्याकडे पाठ केली. साडी झटकली, दोन्ही टोकं जुळवली आणि जुळवलेली कड हनुवटीखाली दाबून धरली. बायका घडी घालताना धरतात ना, अगदी तशी. मग दोन्ही हात काठाकाठानं खाली उतरत गेले. अर्ध्यावर थांबले. मान तशीच झुकलेली, कड तशीच हनुवटीखाली. तेवढंच. चेहरा मला दिसलाच नाही. पण ती बाई रोज दुपारी वाळलेले कपडे घेऊन कशी उभी राहत असेल आणि हा माणूस ते वर्षानुवर्षं कसं बघत आला असेल, ते सगळं त्या पाठमोऱ्या मानेत होतं.

सूनबाई दारात उभ्या होत्या. “मी हे कधी बघितलंच नव्हतं,” म्हणाल्या.

८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाचं ना चित्रण आहे, ना ध्वनिमुद्रण. पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं, सांगितलं, म्हणून ती रात्र आपल्याला माहीत आहे. अण्णांच्या नाटकाचंही कधी चित्रीकरण झालं नाही. उद्या कुणी ग्रंथालयात जुन्या पुरवण्या चाळल्या, तर त्याला माझं परीक्षण सापडेल आणि त्यात अण्णांचे हात रिकामेच असतील. शंभराहून जास्त प्रयोग ते असे उभे राहिले आणि नोंद राहिली ती पहिल्या रात्रीची.

मी वही काढली.

“अण्णा, पुन्हा एकदा कराल? घडी पुरी झाल्यावर कुठल्या हातात धरता?”

“डाव्या. उजवा ट्रंकेच्या झाकणाला लागतो.”

सूनबाईंनी साडीची घडी मोडली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली.