एकाच शिवणीत चेन आणि खिसा

बाजूला चेन असली की त्या बाजूला खिसा होत नाही, असं आमच्याकडे बरेच टेलर सरळ सांगून टाकतात. होतो. वर इनव्हिजिबल, म्हणजे बाहेरून न दिसणारी चेन, खाली खिसा, दोन्ही एकाच शिवणीत छान बसतात. फक्त आधी काय आणि नंतर काय, ते पक्कं हवं.

माझं शिवणकाम अमळनेरला, घरातच. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, त्यांची शाळा चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. मी टेप काढला, तोच त्या म्हणाल्या, “ताई, माले खिसा जोयजेच.” २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, गाड्या भरून जातात. एका हाताने दांडी धरायची, खांद्याला डबा आणि वह्यांची पिशवी, आणि कंडक्टर समोर आला की पर्स उघडायची कशी? पुरुषांच्या पँटला न मागता खिसे मिळतात, बाईने एक मागितला तर ‘फिटिंग बिघडेल’ हे उत्तर. मला हे कधीच पटलं नाही. माझ्याकडे घेरदार ड्रेसला खिसा असतोच. नको असेल तर तसं सांगायचं.

घेरदार म्हटलं, कारण हा मेळ त्यालाच उत्तम जमतो. कमरेखाली कापड सुटतं, त्यामुळे चेन कमरेखाली दोन इंचांवर संपली तरी ड्रेस सहज अंगात जातो. तिथून एक इंच शिवण बंद, मग साडेसहा इंचांचं खिशाचं तोंड. अंगाबरोबर बसणाऱ्या सरळ कुर्त्याला चेन बरीच खाली न्यावी लागते आणि खिसा हाताला येत नाही. तिथे मी चेन पाठीत घेते.

कापड आधी भिजवायचं, यात सूट नाही. आपण कपाशीच्या मुलखातले. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा अंगावर सुतीच हवं. पण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि चेनची पट्टी असते पॉलिएस्टरची, ती आटत नाही. न भिजवता शिवलं तर धुतल्यावर चेन लाटांसारखी उठते आणि मग कितीही इस्त्री करा, बसत नाही. कडांचं इंटरलॉकही आधीच करून घ्यायचं, कारण चेन लागल्यावर तिथे मशीन पोचत नाही.

मग खिसा. त्याचे दोन पदर; एक पुढच्या भागाला, एक मागच्या, सुलटवर सुलट ठेवून. बाजूच्या शिवणीला मी पाऊण इंच मार्जिन धरते, पण खिशाचा पदर जोडताना अर्ध्या इंचावरच टीप मारते. म्हणजे जोड आत जातो आणि चालताना खिशाचं कापड बाहेर डोकावत नाही. घेराची बाजू तिरकी कापलेली असते आणि तिरकं कापड ओढलं की लांबतं. म्हणून पुढच्या तोंडावर आतून उभ्या धाग्याची, म्हणजे कापडाच्या लांबीत कापलेली, एक अरुंद पट्टी शिवते. ती नसेल तर हात घालून घालून तोंड फाकतं.

आता चेन, आणि इथे घाई करूच नये. चेन उघडून उलटी ठेवली की दात आत मुडपलेले दिसतात. इस्त्री कोमट हवी, दात प्लॅस्टिकचे असतात. बोटाने दात उभे करत मागून इस्त्रीचं टोक फिरवलं की दात आणि पट्टीच्या मधे बारीक घडी उघडी पडते. टीप त्या घडीतच पडली पाहिजे. दातांवर चढली तर रनर अडकतो; लांब पडली तर बाहेरून पट्टी दिसते आणि चेन लपत नाही. या चेनसाठी खाली खाचा असलेला फूट मिळतो, तो घ्यावा. नसेल तर एका बाजूच्या फूटवरही जमतं, पण मग हाताने कच्चा दोरा घालूनच मशीनवर घ्यायचं.

एक बाजू शिवून झाली की चेन बंद करते आणि कमरेची शिवण जिथे येते तिथे दुसऱ्या पट्टीवर खडूने खूण करते. पुन्हा उघडून ती खूण मागच्या भागाच्या कमरेच्या शिवणीवर टाचते, मगच दुसरी टीप. बंद चेनवरून कमरेची रेघ न तुटता सरळ जावी, यासाठी मी तिथे कितीही वेळ देते. शिवण एका दोऱ्याने जरी वरखाली झाली तरी मी टीप उसवते.

उरलेली शिवण शेवटी. चेनचं शेपूट बाजूला धरून, चेनची टीप संपते त्याच्या पाव इंच वरून सुरुवात करायची, इंचभर खाली येऊन खिशाच्या कडेने गोल फिरायचं आणि तोंडाच्या खालून पुढे घेरापर्यंत. दोन्ही टोकांना उलटसुलट टीप. चेनसाठी उघड्या ठेवलेल्या भागापेक्षा दोनेक इंच लांब चेन घेतलेली असते, कारण रनरमुळे टीप शेवटपर्यंत जात नाही. हे जास्तीचं शेपूट नेमकं खिशाच्या तोंडात येतं. म्हणून दातांवर हाताने घट्ट टाके घालून खालचं कापते, टोकाला कापडाची टोपी शिवते आणि ते मार्जिनला टाचते. खिशात हात घातल्यावर काही टोचता कामा नये.

खिशाचा वरचा काठ उंच ठेवून कमरेच्या शिवणीत घेते. पावशेर वजनाच्या मोबाईलने नुसता बाजूला लोंबणारा खिसा ड्रेस एकीकडे ओढतो. कमरेत अडकवला की भार कमरेवर जातो. आणि चेनच्या आतून दीड इंच रुंद सुती पट्टी. उन्हाळ्यात घामेजल्या अंगाला पॉलिएस्टर चिकटून पुरळ उठतं, ते यामुळे थांबतं.

चेन आणि खिसा, या दोन्हींचे पैसे मी वेगळे सांगते, आणि वेळ किती जातो तेही. बायका कुरकुर करत नाहीत.

देताना एवढंच बजावते, की चेन बंद करून धुवा आणि दातांवर इस्त्री फिरवू नका. बोअरच्या जड पाण्याने रनर अडखळायला लागला तर जोर लावू नका, दातांवर कोरडी मेणबत्ती घासा.