मोटी दमण, तटाच्या आतलं नांदतं गाव

नाशिकमध्ये कुणालाही दमणला चाललोय म्हणलं की समोरचा आधी हसतो आणि "मजा आहे बुवा" म्हणतो, कारण दमण म्हणजे बाटली आणि बीच एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. मला हे खरंच खटकतं. पेठ रोडने निघालं की दीडशेएक किलोमीटरवर समुद्राकाठी मोटी दमण हे सोळाव्या शतकातलं तटबंदीचं गाव उभं आहे, तट शाबूत, दरवाजे शाबूत, आत आजही लोक राहतात आणि सरकारी ऑफिसं चालतात. पण आपली मंडळी नदीच्या अलीकडच्या काठावर, नानी दमणच्या हॉटेलात उतरतात आणि पूल न ओलांडताच घरी येतात.

यावेळी बाबांना घेऊन गेलो. पेठ नाक्यावरून सकाळी अंधारातच निघालो, रामशेज मागे पडला, सावळघाट, करंजाळीला चहा, मग कोटंबी घाट, पेठ, आणि पुढे कपराड्यापासून पाट्या गुजरातीत सुरू होतात. वापी मात्र ट्रक आणि कारखाने, तिथे थांबण्यासारखं काही नाही, सरळ पुढे निघायचं.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांना दमणच्या किल्ल्यापेक्षा दमणगंगा बघायची घाई. ही नदी आपल्या दिंडोरी तालुक्यात आंबेगावजवळ उगम पावते, वाटेत वाघ, वाल, लेंडी वगैरे नद्या घेते, मधुबन धरणात अडते आणि दमणला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे बघा ना, आपल्या जिल्ह्यात पडलेला पाऊस त्र्यंबकच्या बाजूला पडला तर गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात, आणि घाटाच्या पलीकडे पडला तर इथे. बाबा म्हणाले, "अरे, आयुष्यभर हिचे नकाशे बघितले, मुख आज बघतोय." ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडलेल्या आणि मधोमध नदीची बारीक धार. या किनाऱ्याला भरती-ओहोटीचा फरक खूप मोठा असतो, सकाळी जिथे चिखल दिसतो तिथे दुपारी होडी तरंगत असते.

नदीच्या अलीकडे नानी दमण, पलीकडे मोटी दमण. यांना जोडणारा पूल ऑगस्ट २००३ मध्ये भर पावसाळ्यात कोसळला आणि शाळेतून निघालेली मुलं त्यात गेली. नवीन पुलावरून जाताना बाबांनी काच खाली केली आणि पार होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आता किल्ला. २ फेब्रुवारी १५५९ ला पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टँटिनो द ब्रागान्साने दमण घेतलं, तेव्हा इथे हबशी सरदाराचा ताबा होता, त्यानंतर हा तट उभा राहिला. १० बुरुज, दोन दरवाजे, जमिनीच्या बाजूने खंदक. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण चढ नाहीच, सगळं सपाटीवर. बुरुजही गोल नाहीत, टोकदार, म्हणजे एका बुरुजावरून शेजारच्या भिंतीलगत तोफेचा मारा करता यावा आणि भिंतीच्या पायथ्याशी शत्रूला लपायला जागाच राहू नये. बाबा त्या कोपऱ्यात उभे राहून हाताने रेषा काढून मला समजावत होते आणि मला ते पहिल्यांदा नीट कळलं.

दरवाज्याची कमान ओलांडली की एकदम सावली. मोठी झाडं, रुंद सरळ रस्ता, पिवळ्या-पांढऱ्या भिंतींच्या सरकारी इमारती, बाहेर लावलेल्या स्कूटर, फाईल बगलेत घेऊन चाललेला शिपाई, दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं, आणि आज वसईच्या कोटात छप्पर उडालेली चर्चं बघावी लागतात तर इथे त्याच काळातल्या चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना होते. दगड तोच, काळ तोच, फरक एवढाच की इथे रोज कुणीतरी झाडू मारतं, गळकं कौल बदलतं. आपल्या पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे एकेक करून पडताना बघतोय, गोदाकाठची काझीची गढी दर पावसाळ्यात थोडी थोडी ढासळतेय, म्हणून इथे फिरताना जीव तुटत होता.

बॉम जेझस चर्च १६०३ चं, दर्शनी भाग भव्य. पण थांबायचं असेल तर रोझरीच्या छोट्या चॅपलमध्ये थांबा. बाहेरून साधी पांढरी भिंत, आत गेलं की डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग हळूहळू सोनं दिसायला लागतं. वेदीमागचं लाकूड वेलबुट्टीने भरलेलं, पानांतून बाळसेदार देवदूतांची तोंडं बाहेर आलेली, सोनेरी मुलामा काही ठिकाणी झिजून खालचं लाकूड दिसतंय. एका देवदूताच्या गालावर छिन्नीचा माग बोटभर अंतरावरून स्पष्ट दिसला. हात लावला नाही, पण ज्याने तो कोरला तो माणूस त्या क्षणी फार जवळचा वाटला.

तिथे एक आजी बाकं पुसत होत्या, बाबांशी गुजरातीत छान बोलल्या आणि मग फोन आला तर वेगळीच भाषा, मध्येच पोर्तुगीजसारखी. दमणच्या ख्रिश्चन घरांत पोर्तुगीज आणि इथल्या बोलीच्या मिश्रणातून तयार झालेली ही भाषा अजून बोलतात. बाबांनी विचारलं, "नातवंडं बोलतात का हो बाई ही?" त्या म्हणाल्या, घरात बोलतात, बाहेर नाही.

दरवाज्याजवळच बोकाज या पोर्तुगीज कवीचं घर दाखवतात. १७८९ मध्ये त्याची सैन्यात इथे नेमणूक झाली आणि तो चक्क पळून गेला, मकावला. एवढ्या सुंदर जागी त्याचं मन कसं रमलं नाही देव जाणे, पण तेव्हा तापाने माणसं पटापट जायची आणि घर समुद्रापलीकडे, तर मी त्याला दोष देणार नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये दमण मोकळं केलं ते १ मराठा लाइट इन्फंट्रीने, हे फार कमी मराठी माणसांना माहिती असतं. चारशे दोन वर्षांची सत्ता संपवायला आपलीच पोरं आली होती. हे सांगताना बाबांचा आवाज जरा भरून आला, माझाही.

परतीला नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला बघितला. तो आटोपशीर आहे, नदीकडच्या दरवाज्यावर संताची मूर्ती आणि दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड पुतळे, तटावरून मच्छीमारांची सगळी जेट्टी दिसते.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, गुजरातेतून प्रचंड गर्दी येते. कामाच्या दिवशी गेलात तर ऑफिसं सुरू असतात आणि तटाच्या आतलं गाव जसं आहे तसं भेटतं, फक्त चॅपल उघडं आहे का ते शेजारी विचारून घ्या. जांपोरचा किनारा भरतीच्या वेळीच गाठा, नाहीतर पाण्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागेल. आणि दुपारी तीनपर्यंत निघा, म्हणजे कोटंबी आणि सावळघाट उजेडात पार होतात.